सात वाजताचा आकडा

“नाव द्या, देवस्थळी. मला आकडे पुरतात, पर्सोनेलला नाव लागतं,” असं म्हणून कुंभोजकर साहेबांनी माझ्या अहवालावर चहाची कपबशी ठेवली.

कुंभोजकर हे कुरकुंभ एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचे प्लँट मॅनेजर. मी पुण्याच्या एका सल्लागार कंपनीने पाठवलेला कंट्रोल इंजिनियर. वय एकोणतीस, शिक्षण एम.टेक., स्वतः चुकल्याचा अनुभव नाही. या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. तो अनुभव मी नंतर भरपूर मिळवला, पण सुरुवात तिथे झाली.

“नाव अहवालात आहेच,” मी म्हणालो. “पान चार. फर्स्ट शिफ्ट.”

“फर्स्ट शिफ्ट हे नाव नाही. फर्स्ट शिफ्टला घरी बसवता येत नाही.”

“रघुनाथ शितोळे.”

कुंभोजकरांनी ते लिहून घेतलं. शितोळे त्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. आडनावाचं स्पेलिंग मात्र साहेबांनी मला विचारलं, आणि मी तिथे दोन महिन्यांचा पाहुणा असूनही ते आत्मविश्वासाने सांगितलं.

सगळा प्रश्न एका टॉवरचा होता. एरवी रसायनं एका भांड्यात एकत्र करतात आणि जे तयार होतं ते दुसऱ्या टॉवरमध्ये उकळून वेगळं काढतात. आमच्या नव्या टॉवरमध्ये ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी, एकाच वेळी चालायची. ऑपरेटरांना शिकवताना मी मंगल कार्यालयाचं उदाहरण दिलं होतं. वरून अ‍ॅसिड सोडायचं, तो वरपक्ष. खालून मिथेनॉल, तो वधूपक्ष. मधल्या मजल्यांवर धडाधड लग्नं लागतात. लग्न लागलं की जोडप्याला वरच्या दाराने ताबडतोब बाहेर काढायचं; तो आपला माल, मिथाईल अ‍ॅसिटेट. उरलेलं पाणी खालच्या दाराने. जोडपं आत रेंगाळलं तर झालेलं लग्न मोडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही पक्ष मोजून आत घ्यायचे. शंभराला शंभर. एकशे एक वधू आल्या तर एकशे एकावी बाहेर जात नाही, आतच बसून राहते. दर तासाला अशी एकेक साठत गेली की कार्यालयात लग्नं कमी आणि रुसवेफुगवे जास्त.

सेकंड शिफ्टचा ऑपरेटर भोंगळे, त्याने हात वर करून विचारलं होतं, “सायेब, ह्यात भटजी कोण?”

“मी बसवलेला कंट्रोलर.”

“तरीच सारखा पुण्याकडं तोंड करून असतोय.”

या भटजीचं काम सोपं होतं. सातव्या मजल्याचं तापमान शहात्तर ते अठ्ठ्याहत्तर अंशांच्या मध्ये असायला हवं. ते खाली घसरलं म्हणजे आत मिथेनॉल साठतंय. मग कंट्रोलर मिथेनॉल जरा आवळायचा, आणि वाट पाहायचा. वाट पाहणं हाच त्यातला मोठा भाग होता, कारण हा टॉवर आज सकाळी केलेल्या गोष्टीचं उत्तर संध्याकाळी द्यायचा. नऊ-दहा तास.

गिऱ्हाईक एक औषध कंपनी होती. तिला मालाची शुद्धता नव्याण्णव टक्के हवी होती, आणि सलग चोवीस तास. ट्रायल तीनदा झाली, तिन्ही वेळा फसली. तिन्ही वेळा सकाळी दहाच्या सुमारास शुद्धता कोसळली. चौथी ट्रायल या गुरुवारी होती आणि पाचवी कुणी देणार नव्हतं.

मी बारा दिवसांच्या पहिल्या पाळीच्या नोंदी काढल्या. सकाळी सात वाजता तापमान रोज सत्त्याहत्तर. शाळेच्या घंटेसारखं, रोज सत्त्याहत्तर. दहाला बोंब. सातला टॉवर ठणठणीत आणि दहाला आजारी, मध्ये त्याच्या उशाशी कोण बसलेलं असतं? शितोळे. ट्रायल संपेपर्यंत पाळ्या बदलायच्या नाहीत असं ठरलं होतं, त्यामुळे सकाळ कायम त्यांचीच. मला हेतूसुद्धा सापडला होता. पहिल्या वर्गातच ते म्हणाले होते, “सायेब, टावर आन् म्हैस, दोन्हीला रोज नवा हात चालत न्हाई.” नव्या यंत्रणेला विरोध, असं मी पान चारवर लिहिलं.

“जाणूनबुजून ढवळाढवळ,” कुंभोजकर लिहिता लिहिता म्हणाले. “चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबन. बुधवारी अकराला मीटिंग. तुम्ही पान चार वाचून दाखवायचं.” मग त्यांनी कप उचलला. “चौकशीत विचारतात, कुणी डोळ्यांनी पाहिलं का. तेव्हा उद्या जाऊन पाहून या.”

शितोळ्यांना निवृत्तीला एक वर्ष आणि चार महिने राहिले होते. पाटसला त्यांच्या गल्लीत त्यांना टॉवरवाले नाना म्हणत. हे मला तेव्हा माहीत होतं, पण अहवालात त्यासाठी जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी सातच्या ठोक्याला मी कंट्रोल रूममध्ये हजर झालो. नाना आले, टोपी खुंटीला अडकवली, खुर्ची पुसली आणि पॅनलसमोर उभे राहिले. रात्रपाळीचा आत्तार वही पुढे करून अदबीने उभा होता. सलीम आत्तार, वय अडतीस, अकरा वर्षं टेंपररी.

“सत्त्याहत्तर, नाना.”

“घेतला.”

दोघांनी सह्या केल्या. आत्तार बस पकडायला गेला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो.

“माझ्यावर नजर ठेवायला आलाय व्हय?” नानांनी विचारलं.

“निरीक्षण करायला.”

“म्हंजी तेच. फकस्त बसून.”

मी त्यांच्या हातांकडे पाहत बसलो. त्या हातांनी आठ वाजता आकडे लिहिले. सव्वाआठला चष्मा पुसला. नऊला पुन्हा आकडे लिहिले, एक चहा घेतला, एक मला दिला. साडेनऊला घरून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडून टरफलं कागदात गुंडाळली. पॅनलच्या एकाही बटणाला किंवा चाकाला त्यांचं बोट लागलं नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी लॅबमधून फोन आला. शुद्धता सत्त्याण्णवावर आली होती.

“तुम्ही काही केलं नाहीत,” मी म्हणालो.

“न्हाई.”

“मग हे पडलं कसं?”

“ते तुमचं पान चार सांगंल की.”

कारखान्यात गोपनीय कागद टाइप करायला दिला की तो साहेबांच्या आधी कँटीनमध्ये पोचतो. माझा चेहरा पाहून नानांनी शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली. मी शेंग घेतली. काहीतरी फोडायची गरज होती.

माझा कॉम्प्युटर तासातासाचे आकडे साठवायचा. पण भिंतीवर एक जुना चार्ट होता, शाईच्या सुईचा, टॉवर तापवायला बॉयलरकडून येणाऱ्या स्टीमचा. नवी यंत्रणा आल्यावर त्याची गरज संपली होती, पण तो बंद करा असा आदेश कुणी काढला नव्हता, म्हणून तो चालूच होता. मी त्याच्या मागची गुंडाळी बाहेर ओढली आणि जमिनीवर पसरली. पहाटे साडेसहाला सुई थोडी वर चढलेली. सातला पाच कमी असताना पुन्हा खाली. डास चावल्यावर येते तेवढी गांधी. दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी तशीच. बारा दिवस, बारा गांधी.

मी गुडघ्यांवर होतो. नाना वरून पाहत होते.

“दिसलं का?” त्यांनी विचारलं.

“नाना, सातच्या आधी कुणीतरी स्टीम वाढवतंय. तापमान फुगवून सत्त्याहत्तरला आणतंय.”

“व्हय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“भाकरी हातात आली की कळतंय की, तव्यावर फुगलीय का आरावर.”

“कोण करतं?”

नाना चष्मा पुसायला लागले.

“रात्रपाळीला पॅनलवर एकच माणूस असतो, नाना.”

“मग मला कशाला इचारता?”

मी उठून खुर्चीत बसलो. नानांनी आपली खुर्ची माझ्या समोर घेतली आणि हे काय आहे ते मला समजावून सांगितलं, मी त्यांना मंगल कार्यालय समजावलं होतं त्याच धीराने. आपल्याहून मोठ्या माणसाच्या हातात बिघडलेला आकडा द्यायचा नाही. ते स्वतः नवे होते तेव्हा फोरमनच्या हातात त्यांनी कधी दिला नाही. फोरमनने त्याच्या वरच्याच्या हातात दिला नाही. पाळी सुटायच्या आधी अर्धा तास सगळं नीट करायचं, पुसून-पासून, आणि मग वही पुढे करायची. ही शिकवायची गोष्ट नव्हती. घरी पाव्हण्याला फुटक्या कपात चहा देऊ नये हे कुणी शिकवतं का?

“भोंगळे रात्री आत्तारला देतो तेव्हा?”

“तवा हाय तसा देतो. आत्तार धाकटा. त्येला काय, चालतंय.”

“म्हणजे फक्त तुम्हालाच सजवून मिळतो.”

“मला म्हंजी माझ्या पांढऱ्या केसांना. आन् त्यात वाईट काय हुतं, सायेब? जुना टावर अर्ध्या तासात वळायचा. चुकलं तर पुढचा सावरायचा.”

हा टॉवर अर्ध्या तासात वळत नव्हता. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. दुपारी आम्ही टॉवर नव्याने लावतो. रात्री मिथेनॉल कणाकणाने साठतं आणि पहाटे तापमान उतरायला लागतं. कंट्रोलर ते ओळखतो, मिथेनॉल आवळायला घेतो. आणि नेमकं साडेसहाला आत्तार स्टीम देतो. तापमान सत्त्याहत्तर दिसतं. कंट्रोलरला वाटतं सगळं आलबेल, तो मिथेनॉल पुन्हा सैल सोडतो. पण आतलं मिथेनॉल तसंच असतं, उलट जास्तीच्या स्टीमने ते न लागलेल्या लग्नानिशी वरच्या दाराकडे धावतं. तीन तासांनी ते मालात उतरतं.

नानांनी तो कागद उचलून उजेडात धरला.

“म्हंजी आत्तार मला मान देतोय,” ते म्हणाले, “आन् टावर तोंडावर पडतोय.”

“हो.”

“आन् टावरला कुणी हात लावला न्हाई तर?”

“तर तापमान आणखी थोडं घसरेल, दहा-अकरापर्यंत. मग कंट्रोलर वर आणेल. दुपारी एकपर्यंत जागेवर.”

“एकला?”

“एकला.”

मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग म्हणाले, “आता दुसरं. तुमची वही.”

“माझी वही?”

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. ती मी बनवली होती, पुण्यात, एका दुपारी, आणि तिचा मला अभिमान होता. प्रत्येक आकड्याशेजारी लाल अक्षरात तो किती असायला हवा ते छापलेलं. पाळी बदलताना आकडा त्याबाहेर असेल तर शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. इंग्रजीत. निदान तीन वाक्यं.

“आत्तार नववी शिकलाय,” नाना म्हणाले. “त्येनं पहाटं साडेसहाला इंग्रजीत तीन वाक्यं लिवायची का स्टीमचं चाक जरा फिरवायचं? मी असतो तर मीबी फिरवलं असतं. तुमीबी फिरवलं असतं.”

मी नसतं फिरवलं. मी चार वाक्यं लिहिली असती. पण त्यांचा मुद्दा मला कळला.

“मी उद्या अहवाल मागे घेतो,” मी म्हणालो. “खरं काय ते सांगतो.”

“सांगा. पर त्येचं नाव घालू नका.”

“नाना, चौकशी तुमच्यावर आहे.”

“असू द्या. अकरा वर्षांनी त्येचं नाव परमनंटच्या यादीत हाय. पुढच्या म्हयन्यात सही हुणार. आत्ता ह्यो कागद त्येच्यावर गेला तर गेटच्या बाहेर उभा राहील. मला एक वरीस उरलंय, त्येला वीस.”

“मग मी खोटं लिहू?”

“आधी काय लिवलं हुतं?”

मी आणखी एक शेंग घेतली.

बुधवारी अकराला कुंभोजकरांच्या खोलीत पर्सोनेल अधिकारी, मी आणि दारापाशी उभे नाना. टेबलावर पत्र टाइप होऊन तयार होतं. सहीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली होती.

“वाचा, देवस्थळी.”

“पान चार चुकीचं आहे, सर. मी ते मागे घेतो. शितोळ्यांनी टॉवरला हातही लावला नाही. मी स्वतः पाहिलंय.”

“मग कुणी लावला?”

मी आकृती काढली, गांधी दाखवल्या, टॉवरचे दहा तास सांगितले. पाळी बदलताना आकडा नीट दिसावा म्हणून स्टीम दिली जाते, इथपर्यंत आलो आणि थांबलो. कुंभोजकरांनी आकृतीकडे पाहिलंही नाही.

“म्हणजे चूक आहे. कुणाची? एक नाव द्या.”

“देवस्थळी.”

“बोला, ऐकतोय.”

“नाही सर, नाव सांगतोय. सतीश देवस्थळी. वही मी छापली. आकडा लाल मर्यादेबाहेर गेला तर माणसाने घाबरावं अशी व्यवस्था मी केली. तिथे कुणीही बसला असता तरी हेच झालं असतं. आणि कंट्रोलर फसतो कसा ते मला आधी दिसायला हवं होतं, कारण मी त्याचेच पैसे घेतो.”

कुंभोजकरांना नोकरीत सत्तावीस वर्षं झाली होती, आणि एक नाव द्या म्हटल्यावर समोरच्याने स्वतःचं दिलं हा प्रकार त्यांना नवीन होता. त्यांनी पर्सोनेलकडे पाहिलं.

“यांच्यावर ठेवता येणार नाही, सर,” पर्सोनेल अधिकारी हळू आवाजात म्हणाले. “फॉर्मवर एम्प्लॉयी नंबर लागतो.”

“बघा,” कुंभोजकर मला म्हणाले, जणू मी बेकायदेशीरपणे चुकलो होतो. त्यांनी टाइप केलेलं पत्र उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खणात ठेवलं. “शुक्रवारी दोन वाजता ट्रायल संपते. पास झाली तर हे फायलीत जाईल. फसली तर शितोळ्यांच्या हातात जाईल, आणि दुसरं एक तुमच्या कंपनीला. तुमच्या नावाला तिथे नंबर असेलच.”

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, “सायेब, एकला म्हणला हुतात ना?”

“एकला.”

“मग ठीक हाय.”

त्या दुपारी मी पट्टी धरून वहीतला कारणाचा रकाना खोडला, पानामागून पान. गणित तिसऱ्यांदा करून पाहिलं. उत्तर तेच आलं. मला झोप चांगली लागली, हे मी आजही जरा आश्चर्याने सांगतो.

गुरुवारी सकाळी रात्रपाळी सुटल्यावर नानांनी आत्तारला पाच मिनिटं थांबवून घेतलं. आम्ही तिघं कंट्रोल रूमच्या पायरीवर बसलो.

“आज दुपारी ट्रायल सुरू,” नाना म्हणाले. “उद्या सकाळी मला हाय तसा आकडा दे.”

आत्तारने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. “नाना, मी…”

“मी इचारलं न्हाई तुला काय. हाय तसा दे, एवढंच.”

“खराब आला तर?”

“खराब दे.”

“तुमच्या हातात?”

“मग काय माझ्या डब्यात घालून देतोस?”

“साहेब असतील. कंपनीच्या मॅडम असतील. सगळ्यांच्या म्होरं तुम्हाला खराब आकडा द्यायचा, नाना? लोक म्हणतील, म्हाताऱ्याची पत गेली, कुणीबी काहीबी हातात देतंय.”

“म्हनू दे.”

आत्तार माझ्याकडे वळला. “साहेब, तुम्ही सांगा की यांना.”

“मीच सांगितलंय,” मी म्हणालो.

नानांच्या पानात शिळं वाढ असं मी त्याला सांगितलं असतं, तर त्याने ज्या नजरेने पाहिलं असतं, त्याच नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला कंट्रोल रूम भरली होती. कुंभोजकर इस्त्रीच्या शर्टात. औषध कंपनीच्या पाटणकर मॅडम काखेत फाइल घेऊन. त्या दोन वाक्यांच्या वर बोलत नसत, आणि त्यातलं एक “सँपल घ्या” हे असे. मी सरळ भिंतीवरच्या चार्टपाशी गेलो. साडेसहाच्या जागी शाईची रेघ सपाट होती.

नाना आले. टोपी खुंटीला. खुर्ची पुसली. आत्तार वही घेऊन उभा होता, पण पुढे करत नव्हता.

“दे,” नाना म्हणाले.

“नाना…”

“किती हाय?”

आत्तारने मान खाली घातली. “त्र्याहत्तर पॉइंट चार.”

लाल अक्षरात छापलेला शहात्तर सगळ्यांना दिसत होता. कुणीतरी खाकरलं. नानांनी वही त्याच्या हातातून काढून घेतली, आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिला, खाली सही केली.

“घेतला,” ते म्हणाले, नेहमीच्याच आवाजात.

“शितोळे, हे काय घेतलंत?” कुंभोजकरांनी विचारलं.

“आकडा, सायेब.”

आठला त्र्याहत्तर पॉइंट एक. नऊला बहात्तर पॉइंट आठ. आत्तारची बस निघून गेली होती आणि तो बाहेर पायरीवर बसून होता. दहाला मॅडमनी सँपल घ्यायला लावलं. नव्याण्णव पॉइंट एक. पास, पण काठावर. सातव्या मजल्याचं तापमान बहात्तर पॉइंट सहा, आणि अजून खालीच जात होतं.

कुंभोजकर उठले. “पुरे झालं. स्टीम द्या.”

“न्हाई, सायेब,” नाना म्हणाले.

“शितोळे, मी सांगतोय.”

“टावर वळतोय. एकला येतोय वर.”

“कोण म्हणतं?”

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. “मी म्हन्तो.”

“हा माझा प्लँट आहे. मी प्लँट मॅनेजर आहे.”

“व्हय की. पर शिफ्ट माझी हाय.” नानांनी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली, वर पेन ठेवलं. “तुमाला चाक फिरवायचं तर शिफ्ट घ्या. दहा वाजून बारा मिनिटं, एवढं लिवा, खाली सही करा. मी उठतो.”

कुंभोजकरांनी पेन उचललं. टोपण काढलं. रकान्यात वेळ लिहायची जागा कोरी होती, सहीचीही. त्यांनी वहीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. सहीच्या जागेकडे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. मग टोपण पेनाला लावलं आणि ते खुर्चीत बसले.

“एकला,” ते म्हणाले. “एकच्या पुढे एक मिनिट नाही.”

अकराला सँपल आलं. नव्याण्णव पॉइंट शून्य.

“हे चालतं का?” कुंभोजकरांनी मॅडमना विचारलं.

“नव्याण्णव म्हणजे नव्याण्णव,” मॅडम म्हणाल्या आणि फाइलमध्ये लिहिलं. ते त्यांचं दुसरं वाक्य होतं.

साडेअकरा. बहात्तर पॉइंट पाच. नाना खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, लहान मुलं परीक्षेत बसतात तसे. मी त्यांच्याजवळ गेलो.

“नाना, हात का दाबून धरलेत?”

“एकतीस वर्सं फिरवायची सवय हाय त्येंना, सायेब. सुटले तर ऐकायचे न्हाईत.”

बाराला बहात्तर पॉइंट सहा. शून्य पॉइंट एक वर. मी आयुष्यात बरेच आकडे पाहिले आहेत, काही मी स्वतः बनवलेले आहेत, पण त्या एका दशांशाइतका देखणा पुन्हा दिसला नाही. मी भिंतीशी टेकून उभा राहिलो. साडेबाराला चौऱ्याहत्तर. एकला शहात्तर पॉइंट दोन.

कुंभोजकरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, “याच्यापुढे जाणार नाही ना, फार वर?”

“सत्त्याहत्तरच्या जवळ थांबेल.”

दोनला सत्त्याहत्तर. सँपल नव्याण्णव पॉइंट पाच. मॅडमनी फाइल बंद केली, सही केली, कुंभोजकरांशी हात मिळवला आणि त्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीत बसून गेल्या. कुंभोजकर दारापाशी थांबले. त्यांना शितोळ्यांशी काहीतरी बोलायचं होतं, पण त्यासाठी लागणारे शब्द पर्सोनेलच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हते. शेवटी म्हणाले, “जेवलात का?”

“आता जेवतो, सायेब.”

ते गेले. खणातलं पत्र फायलीत गेलं. पुढच्या महिन्यात यादी लागली, तिच्यात आत्तारचं नाव होतं. माझ्या कंपनीला पत्र गेलं नाही, पण फोन गेला. त्यानंतर सहा महिने मला नवा प्रकल्प मिळाला नाही. मला वेळच वेळ होता. त्यात मी चार कारखान्यांच्या लॉगबुका नव्याने बनवल्या.

पण त्या दिवशी तीनला पाच कमी असताना भोंगळे आला. आत्तारही आत येऊन उभा राहिला. घरी न जाता त्याने तिथेच दिवस काढला होता. भोंगळेने पडद्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

“सत्त्याहत्तर,” तो म्हणाला. “सकाळी त्र्याहत्तर हुता म्हनं. काय केलं, नाना?”

नानांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. वळ उठले होते. ते दोन्ही हात एकमेकांवर चोळले, पेन घेतलं, आणि मी पट्टी धरून खोडलेल्या रकान्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, घाईगडबड न करता, मराठीत लिहिलं:

‘बिघडलेला घेतला. हात लावला नाही. बरोबर दिला.’

खाली सही केली आणि वही भोंगळेच्या हातात दिली. भोंगळेने ती दोनदा वाचली, मग तोही खाली सही करून खुर्चीत बसला.